‘घेऊन जा’ म्हणजे काय? एक्स-रेला चालणारा क्रिस्टल कसा असतो

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचायला आलेल्यांसाठी: बोलतानाचे ‘अं’ आणि दोन वेळा आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका व्हॉइस नोटनं. आपली एक श्रोती आहे, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. नाव आणि कॉलेज सांगू नका म्हणालीये, तर नाही सांगत. ती काय म्हणते ऐका.

“दादा, तीन महिने झाले मी एकाच कंपाउंडच्या मागे आहे. क्रिस्टल येतात, नाही असं नाही. लांब लांब पिवळ्या सुया, इतक्या चमकतात की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. मग एक्स-रेच्या मशीनवाल्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी मायक्रोस्कोपखाली दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, ‘घेऊन जा.’ बस, एवढंच. दहा सेकंदांत असं काय दिसलं त्यांना?”

हा प्रश्न मला फार आवडला. एक तर मीही तिथंच उभा राहिलोय, हातात काचेची छोटी बाटली आणि चेहऱ्यावर बावळट हसू घेऊन. आणि दुसरं म्हणजे, तिचं काम खरंच अडलंय. तिच्या रेणूच्या दोन शक्यता आहेत. ऑक्सिजन एका कार्बनवर बसलाय की शेजारच्या, हे बाकीच्या टेस्टवरून नक्की ठरत नाहीये. एक्स-रे झाला की अणू कुठे बसलेत ते सरळ दिसेल. म्हणजे सगळं त्या सुयांवर आलं. तर त्या दहा सेकंदांकडे आपण येऊच, पण आधी मशीनला नेमकं काय हवं असतं ते बघू.

क्रिस्टल, म्हणजे आपला शाळेतला स्फटिक. आत रेणू एका ठरावीक पद्धतीनं बसलेले, आणि तोच नमुना पुन्हा पुन्हा, तिन्ही दिशांना. ते एक घर समजा साधारण एक नॅनोमीटरचं आहे. तर ०.२ मिलिमीटरच्या क्रिस्टलच्या एका कडेवर किती घरं झाली? दोन लाख! एका कडेवर फक्त. एकट्या रेणूवरून परतणारा एक्स-रे इतका क्षीण असतो की तो मोजता येत नाही. पण ही सगळी घरं एका तालात असली, तर काही ठरावीक दिशांना त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि बाकी दिशांना एकमेकींना मारून टाकतात. मग डिटेक्टरवर ठिपके उमटतात. ढोल-ताशा पथक आठवा. शंभर ढोल एका टिपरूवर पडले की छातीत धडकतं. त्यातले चाळीस अर्धी मात्रा मागे राहिले तर? ढोल तेवढेच, मेहनत तेवढीच, पण ऐकू येतो तो नुसता गोंगाट.

हे पहिल्यांदा दिसलं ते १९१२ साली, जर्मनीत म्युनिकला. माक्स फॉन लाउए यांची कल्पना, आणि प्रयोग करणारे दोघं, फ्रीडरिश आणि क्निपिंग. आता अंदाज करा त्यांनी पहिला क्रिस्टल कशाचा घेतला असेल? हिरा? माणिक? मोरचूद! हो, तोच निळा मोरचूद, कॉपर सल्फेट, जो आपल्याकडे द्राक्षबागांत चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण म्हणून फवारतात. फोटोच्या काचेवर धुरकट, लंबगोल ठिपके आले. आणि या लोकांनी मग एक फार शहाणपणाची गोष्ट केली. तोच मोरचूद कुटून ठेवून बघितला. ते मोठे ठिपके गायब! पदार्थ तोच होता, मोडली होती ती फक्त रांग. पुढे त्यांनी जस्ताच्या खनिजाची, दिशा बघून नीट कापलेली चकती वापरली तेव्हा ठिपक्यांची अशी सुबक रांगोळी आली की वाद घालायला जागाच राहिली नाही. लाउएंना १९१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे बघा, या विषयाच्या पहिल्याच प्रयोगात आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं: क्रिस्टल असणं वेगळं, आणि चांगला क्रिस्टल असणं वेगळं.

बरं, आता ते दहा सेकंद.

सरांच्या मायक्रोस्कोपमध्ये दोन पोलरायझर असतात, एक क्रिस्टलच्या खाली, एक वर, एकमेकांना आडवे. मध्ये काहीच नसेल तर सगळं काळं दिसतं. मध्ये क्रिस्टल ठेवला की तो बहुतेक वेळा उजळतो, कधी कधी रंगीतही दिसतो. आणि मग ती चकती हळूहळू फिरवायची. चांगला, एकसंध क्रिस्टल दर ९० अंशांनी पूर्ण काळा होतो. पूर्ण म्हणजे पूर्ण, आणि एकदम, घरातली लाइट गेल्यासारखा. पण अर्धा काळा झाला आणि अर्धा चमकतच राहिला तर समजायचं की हा एक नाहीये, दोघं तिघं चिकटून बसलेत. किंवा काळोख एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाटेसारखा सरकत गेला, तर आत रांगा वाकलेल्या आहेत. माझी पैज आहे की तिच्या सुयांमध्ये सरांना हेच दिसलं. बाहेरून एक सुई, आतून खराट्याची जुडी!

हे घरी बघता येतं बरं का. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, डोळ्याला पोलराइज्ड गॉगल लावा आणि मान वाकडी करत जा. एका कोनात स्क्रीन काळी पडेल. आता मध्ये खडीसाखरेचा एक पारदर्शक खडा धरा. काळ्यावर तो उजळून निघेल. मिठाचा दाणा मात्र काळाच राहील. मीठ वाईट म्हणून नव्हे, तर त्याची आतली रचना घनाकृती असते आणि तसल्या क्रिस्टलमधून प्रकाश सगळ्या दिशांना सारखाच जातो. त्यामुळे मीठ, तुरटी यांना ही परीक्षा लागू नाही.

याशिवाय सरांची नजर आणखी काही ठिकाणी फिरली असणार. तडे, गढूळपणा, अंगावर बसलेली पिल्लं, गोलसर झालेल्या कडा. आणि आत वळलेला कोपरा, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच. ती दिसली की जुळ्या क्रिस्टलचा संशय घ्यायचा. जुळे, म्हणजे एकाच पदार्थाचे दोन भाग वेगवेगळ्या दिशांना तोंड करून एकत्र वाढलेले. हा प्रकार मला सगळ्यात जास्त त्रासदायक वाटतो. कारण साधा खराब क्रिस्टल निदान लगेच कळतो, ठिपकेच येत नाहीत. जुळ्यात ठिपके भरपूर येतात. दोन नमुने एकावर एक छापलेले असतात, आणि ते बरोबर जुळून बसले तर डेटा दिसायला अगदी गुणी दिसतो. मग गणित करायला बसा, उत्तर जवळ येतं आणि अडकतं. ज्याला ऑक्सिजन इकडे की तिकडे एवढंच बघायचंय, त्याच्यासाठी तर हा सापळाच आहे.

आता आकार. सुईच का आली?

एक गोष्ट उलटी वाटते, पण ती पक्की धरा. क्रिस्टलचा जो पृष्ठभाग भराभर वाढतो तो शेवटी दिसेनासा होतो, आणि जो हळू वाढतो तोच मोठा होऊन उरतो. सुईचं टोक वेगानं पुढे पळत असतं, म्हणून टोक टीचभर. बाजू रेंगाळत वाढतात, म्हणून त्या लांबलचक. चपटे, बांगडीसारखे कडी असलेले रेणू एकावर एक ताटल्यांसारखे रचले जातात आणि त्या एका दिशेला गाडी सुसाट सुटते. आपल्या मैत्रिणीचा रेणूही चपटाच आहे, मी विचारून घेतलं.

पण आकार म्हणजे आतली रचना नव्हे. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्येच लिहून ठेवलंय की क्वार्ट्झचे स्फटिक लांब असोत की आखूड, त्यांच्या त्याच त्या पृष्ठभागांमधले कोन तेच राहतात. आणि मिठाचं एक जुनं उदाहरण आहे. साध्या पाण्यातून मीठ चौकोनी ठोकळे बनवतं. त्याच पाण्यात युरिया घातला तर त्याचे आठ पृष्ठभागांचे, दोन पिरॅमिड तळाला जोडल्यासारखे स्फटिक येतात. आत सोडियम आणि क्लोरीन त्याच जागी. युरियानं फक्त काही बाजूंना वाढायला अडवलं. म्हणजे द्रावण बदललं, त्यात कोणी पाहुणा आला, की आकार बदलू शकतो. तिच्या कामाची गोष्ट ती हीच.

मग सुई आतून उत्तम असेल तर काय बिघडलं? हिशेब करू. समजा सुई १ मिलिमीटर लांब आणि ०.०२ बाय ०.०२ जाड आहे. प्रयोगशाळेतल्या मशीनचा एक्स-रेचा झोत अरुंद असतो, तर समजा त्यात सुईचा ०.२ मिलिमीटरचाच तुकडा आला. त्या तुकड्याचं आकारमान ०.००००८ घन मिलिमीटर. आणि सगळ्या बाजू ०.२ असलेला साधा ठोकळा? ०.००८. शंभरपट! ठिपक्यांची तीव्रता साधारण या आकारमानाच्या हिशेबात वाढते. म्हणून मशीनवाल्यांना ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, तिन्ही बाजूंनी सारखा ठोकळा आवडतो. बारीक मिठाच्या दाण्याएवढा. खूप मोठाही नको, कारण मग तो झोताबाहेर जातो आणि स्वतःच एक्स-रे गिळायला लागतो, विशेषतः आत जड धातू असेल तर. पातळ पापुद्र्यासारखे क्रिस्टल असतील तर आणखी गंमत. एका बाजूनं किरणांना वाट छोटी, दुसऱ्या बाजूनं लांब, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा हिशेब वेगळा सुधारावा लागतो. शिवाय हे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकमेकांवर चिकटून येतात.

लांब सुई कापता येते, नवीन ब्लेडनं, तेलाच्या थेंबात ठेवून. पण सुया आडव्या तुटायच्या ऐवजी उभ्या चिरतात. मी एका दुपारी अकरा चिरल्या होत्या. असो.

तर मुद्दा, वाढवायचं कसं. मी तिला विचारलं, तू ठेवतेस कसं? ती म्हणाली, “डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवते आणि बीकर फ्यूम हूडमध्ये उघडं ठेवते. सकाळी क्रिस्टल तयार!”

सकाळी तयार. इथंच सगळं आलं.

द्रावणात पदार्थ मावण्याची एक हद्द असते. त्या हद्दीच्या थोडं पलीकडे गेलं तरी लगेच काही पडत नाही. मधला एक पट्टा असतो, जिथं आधीपासून असलेला क्रिस्टल वाढतो पण नवीन जन्माला येत नाही. त्याच्याही पुढे गेलात की एकदम हजारो बिया पडतात, सगळ्या घाईत, सगळ्या बारीक. हूडमधला पंखा डायक्लोरोमिथेन इतक्या लवकर उडवतो की तुम्ही तो मधला पट्टा ओलांडून थेट गर्दीत जाता. आलेला रेणू नीट जागा शोधायच्या आत त्याच्या डोक्यावर पुढचा येऊन बसतो.

स्वयंपाकघरात हे सगळं आहे हो. खडीसाखरेत दोरा का असतो? बी धरायला जागा म्हणून, आणि मग कित्येक दिवस शांतपणे वाढ. गुलाबजामच्या पाकात लिंबू का पिळतात? आंबटानं थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि ते साखरेला रांगेत बसू देत नाहीत. म्हणजे एक टक्का भेसळ काय करू शकते ते बघा. म्हणून क्रिस्टल ठेवण्याआधी कंपाउंड शुद्ध करा, द्रावण गाळून घ्या, कारण धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक आमंत्रण नसलेली बी. आणि विरजण! गेल्या वेळच्या क्रिस्टलचा एक बारीक चुरा नव्या, जरासंच हद्द ओलांडलेल्या द्रावणात टाकला की तो विरजणासारखं काम करतो. आई विरजण लावल्यावर पातेल्याला हात लावू द्यायची नाही. मी मात्र लॅबमध्ये रोज सकाळी बाटली उचलून, उजेडाकडे धरून, हलवून बघायचो. आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की रॅक थरथरायचा, ते वेगळंच. चार महिने मला फक्त चुरा मिळाला आणि मी दोष केमिस्ट्रीला दिला.

या बाबतीत इतिहासातला माझा लाडका किस्सा १९३४ चा आहे. स्वीडनमध्ये उप्सालाला जॉन फिलपॉट नावाचे संशोधक पेप्सिन शुद्ध करत होते, म्हणजे पोटातलं, प्रथिनं पचवणारं एंझाइम. त्यांनी नमुना फ्रिजमध्ये ठेवला आणि स्कीइंगला निघून गेले. परत येऊन बघतात तर दोन दोन मिलिमीटरचे देखणे क्रिस्टल! एका पाहुण्या शास्त्रज्ञानं त्यातली एक नळी कोटाच्या खिशातून केंब्रिजला, जे. डी. बर्नाल यांच्याकडे नेली. बर्नालनी आधी क्रिस्टल बाहेर काढून एक्स-रे लावला. काहीच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की द्रवाबाहेर आल्यावर त्याची चमक जातेय, तो वाळतोय. तेव्हा त्याच द्रवासकट काचेच्या बारीक नळीत बंद केला आणि ठिपके आले, प्रथिनाचे पहिले खरे ठिपके. त्या पेपरवर बर्नालबरोबर नाव होतं डोरोथी क्रोफूट यांचं, पुढच्या डोरोथी हॉजकिन. त्यांनी थोड्याच काळात इन्सुलिनला हात घातला आणि त्याची रचना पूर्ण व्हायला १९६९ उजाडलं. आपले तीन महिने मग जरा लहान वाटतात, नाही का?

म्हणून तिला दुसरा प्रश्न विचारला होता: सरांकडे नेलेस कसे? “गाळून, वाळवून, कागदावर.” अगं बाई! क्रिस्टलच्या आत बऱ्याचदा सॉल्व्हंटचे रेणू घरात भाडेकरूसारखे राहत असतात. ते उडून गेले की भिंती कोसळतात. बाहेरचा आकार तसाच, आतून भुगा. क्रिस्टल ज्या द्रावणात वाढला त्यातच, झाकण लावून न्यायचा. मशीनवर लावताना थेट तेलात घेतात आणि थंड नायट्रोजनच्या झोतात, साधारण उणे १७३ अंशांवर ठेवतात. तिथं अणूंची थरथरही कमी होते.

मी तिला सुचवलं ते हे. बीकर उघडं ठेवणं बंद. छोट्या बाटलीत द्रावण, ती मोठ्या बरणीत, बरणीच्या तळाला दुसरा सॉल्व्हंट ज्यात कंपाउंड विरघळत नाही, ईथर किंवा पेंटेन. बरणीचं झाकण घट्ट. त्याची वाफ हळूहळू आतल्या बाटलीत शिरते आणि कंपाउंडला बाहेर ढकलते, दिवसांच्या हिशेबात. दुसरा प्रकार, अरुंद नळीत खाली जड द्रावण आणि वर अलगद दुसऱ्या सॉल्व्हंटचा थर. दोन थर जिथं मिसळतात तिथं क्रिस्टल धरतात. आणि आकारासाठी सॉल्व्हंटच बदलून बघ: मिथेनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल, टोल्युईन. कोणता कुठल्या बाजूला अडवेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे दहा बाटल्या एकदम लाव. आणि सगळं करून सुयाच आल्या तर निराश होऊ नकोस. मॉलिब्डेनमऐवजी तांब्याच्या ट्यूबचा एक्स-रे वापरला तर बारीक सेंद्रिय क्रिस्टलचे ठिपके जास्त जोरकस येतात. त्याच्याही पुढे सिंक्रोट्रॉन असतात, आपल्या इंदूरचा इंडस-२ धरून. सुई आतून एकसंध असेल तर मार्ग निघतो, आतून जुडी असेल तर मात्र कुठलंही मशीन आणा.

घरी करून बघायचं असेल त्यांनी मोरचूद नको, तो विषारी आहे. तुरटी घ्या. १०० मिलिलिटर गरम पाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास विरघळवा, गाळा, झाकून निवू द्या. तळाला आलेल्यांपैकी एक नीट खडा दोऱ्याला बांधून त्याच निथळलेल्या द्रावणात सोडा, वर कागद झाका. एक बाटली पंख्याखाली ठेवा, एक कपाटात. आठवड्यानं दोन्हींचे फोटो काढून मला पाठवा. कपाटातल्या बाटलीला हात न लावणं हाच यातला अवघड भाग आहे.

आणि हो, हा भाग एडिट करत असताना तिचा मेसेज आला. दहापैकी सात बाटल्यांत सुया, दोनमध्ये काहीच नाही. टोल्युईनवाल्या बाटलीत मात्र तळाशी काहीतरी जाडसर, बुटकं, गुळाच्या तुकड्यासारखं. “दिसायला काहीच नाही दादा, स्टेटसला ठेवण्यासारखं तर अजिबात नाही.” बाटली तशीच बंद करून सरांकडे नेली. त्यांनी चकती फिरवली. या वेळी दहा सेकंदांपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाले, “ठेवून जा.”

मशीनचा नंबर मंगळवारी आहे.